डावरीचा पाट

आषाढ लागला की माझ्या घरात पाट मांडले जातात. जेवायचे नव्हेत. हे पाट कुणाला दिसत नाहीत, त्यांच्याभोवती रांगोळी नसते, आणि त्यांच्यावर बसणाऱ्या बायकांना आपण छत्रपती संभाजीनगरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात पंगतीला बसलो आहोत याचा पत्ताही नसतो. पाट पाचच. जगातल्या आजवरच्या थोर टेनिसपटू बाया त्यांवर क्रमाने बसतात. पहिला पाट भिंतीकडचा, मानाचा. नवी कुणी आली आणि तिला बसवायचंच ठरलं, तर आधीच्या एकीला उठवावं लागतं. सहावा पाट मांडायचा नाही, हा नियम. तो रेहानाने केला आणि मी मान्य केला. आमचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं मला आठवत नाही.

रेहाना माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि दुहेरीतली जोडीदार. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत तिच्या अब्बांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, ते आता ती चालवते. कॅरमच्या सोंगट्या, फुटबॉलची ब्लॅडरं, शाळांच्या गॅदरिंगचे कप, आणि रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओवून ताणणं. मी पाटबंधारे खात्यात कागद सरकवत आयुष्य काढलं आणि नुकतीच निवृत्त झाले. आमच्यातल्या एकीनेही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. पण जिंकणाऱ्यांना कुठे बसवायचं हे आम्ही ठरवतो, आणि त्याचा रुबाब वेगळाच असतो.

आषाढ आमच्याकडे वाऱ्याचा महिना. पाऊस येतो येतो म्हणतो आणि वाराच येऊन जातो. गच्चीवरच्या चादरी शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातात. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झालेले असतात, घरात मोहरीचा आणि हिंगाचा वास असतो, आणि टीव्हीवर विलायतेतली ती हिरवळीवरची स्पर्धा सुरू होते. पांढरे कपडे, पांढरे बूट, शांत बसलेली माणसं. आम्ही दोघी मात्र शांत कधीच बसलो नाही. बायकांची फायनल शनिवारी संध्याकाळी असते. ती संपली की रेहानाने गुलमंडीवरून आणलेली इमरती ताटलीत येते आणि पाट मांडायला सुरुवात होते. इमरती संपेपर्यंत निकाल लागला पाहिजे, नाहीतर जुनाच क्रम कायम.

या वर्षी पहिल्याच आठवड्यात रेहानाचा फोन आला. म्हणाली, "वसू, अब मेरेकू त्यात धरू नको. तू एकटीच मांड तुझे पाट."

मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही.

त्या पाटांवर बसलेल्यांची ओळख करून द्यायला हवी. खरी नावं मी लिहिणार नाही, कारण आमच्यात ती कधी चाललीच नाहीत. शाळेत होतो तेव्हा टीव्हीवरचं इंग्रजी आमच्या डोक्यावरून जायचं, म्हणून आम्ही आमची नावं ठेवली आणि तीच राहिली. माझी लाडकी ती घुमी. मागच्या रेषेवर उभी राहून तासन् तास चेंडू परत करायची, चेहऱ्यावरची माशी हलू न देता. जिंकली तरी तेच, हरली तरी तेच. मी घरात सहा भावंडांच्या आरडाओरड्यात वाढलेली, त्यामुळे एखादी बाई इतकी गप्प राहून इतकी जिंकू शकते याचंच मला कोण अप्रूप होतं. रेहानाची लाडकी डावरी. ती डाव्या हाताने सर्व्हिस करायची आणि चेंडूच्या मागोमाग नेटवर धावून जायची. "वाट बघत बसायचंच नाही," रेहाना म्हणायची, "दरवाजा वाजायच्या आधीच जाके खडी!" मग पुढच्या काळातली हरणी, लांब टांगांची, सारं कोर्ट दोन ढांगांत कापणारी. मग तोफ. तिची सर्व्हिस पाहून रेहाना पहिल्यांदा जागची उठून उभी राहिली होती आणि म्हणाली होती की असली तोफ किल्ल्यावर बी नसंल. आणि पाचव्या पाटावर डबेवाली. अब्बांच्या दुकानात चेंडूंचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यावर घोट्यापर्यंत झगा घातलेली एक बाई रॅकेट उगारून उभी होती. तिला खेळताना आम्हीच काय, अब्बांनीही पाहिलं नव्हतं. पण ते म्हणायचे, "इतना लंबा झगा पहनके जो दौडी, उसकू जगह देना पडता." म्हणून ती बसली.

पहिल्या पाटावर डावरी. गेली चाळीस वर्षं जवळजवळ सतत डावरीच. मी दर आषाढात तिला उठवायला बघते आणि रेहाना दर आषाढात मला उठवून लावते.

डावरी आणि घुमी आम्हाला पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्याच घरी. बाबांनी लाकडी दाराचा काळा-पांढरा टीव्ही घेतला होता. त्या शनिवारी आमची भावंडं, रेहाना आणि शाळेतले खेळाचे मोरे सर, असे सगळे सतरंजीवर. मोरे सरांनी साहेब लोकांच्या वसाहतीतलं एक बंद पडलेलं टेनिस कोर्ट खटपटी करून आमच्यासाठी उघडून घेतलं होतं. मुरमाचं कोर्ट. सर स्वतः टेनिस कुणाकडे शिकले नव्हते. त्यांनी एक फाटकं पुस्तक वाचलं होतं आणि बाकीचं ते टीव्हीवरून शिकून आम्हाला शिकवणार होते. त्यांचा एकच दंडक होता, "आधी रोलर, मग बॉल." झारीने पाणी मारायचं, गोणपाट फिरवायचं, चौघींनी मिळून दगडी रोलर ओढायचा, फक्कीच्या रेषा मारायच्या, आणि मग कुठे रॅकेट हातात. ओल्या मुरमाचा वास मला आजही कुठे आला की हाताचे तळवे हुळहुळतात.

तर ती पहिली फायनल. पडद्यावर सगळं करड्या रंगात. मागच्या रेषेजवळ मोठे पांढुरके पट्टे पडलेले, आणि चेंडू रेषेवर पडला की फक्कीसारखी धूळ उडायची. मोरे सर गुडघ्यावर पुढे सरकत सरकत टीव्हीला नाक लागेपर्यंत गेले. मग मागे वळून म्हणाले, "बघा पोरींनो, मुरूमच हाय. आपल्यावाणीच. फकस्त रोलर बघा कसा फिरवलाय त्यांनी! बॉल गुडघ्याच्या वर उठंना."

खरंच उठत नव्हता. डावरी आणि घुमी दोघी अगदी खाली वाकून, गुडघा जमिनीला टेकेल इतकं बसून चेंडू मारत होत्या. आमच्या कोर्टावर तर चेंडू खांद्याएवढा उडायचा. याचा अर्थ आमच्या सर्वांच्या दृष्टीने एकच होता, की आमचा रोलर कमी पडतोय.

मग दोन पावसाळे आम्ही रोलर ओढला. आई म्हणायची, या पोरींना टेनिस शिकवतात का रस्ता करायला लावतात? तळहातांना घट्टे पडले. वाऱ्यात ओढण्या तोंडावर यायच्या, त्या कमरेला खोचायच्या आणि पुन्हा ओढायचं. मुरूम इतका आवळला गेला की त्यावर सायकल घसरायची. आणि चेंडू? तो तर आणखीच उडायला लागला. सर म्हणायचे, "अजून दाबला पाहिजे." तोवर त्यांनी आम्हाला वाकायची सवय लावली होती. चेंडू खांद्याच्या वरून जायचा आणि आम्ही खाली, गुडघा टेकून, डावरीसारख्या. परभणीच्या मुली आमच्याशी खेळायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं, हा काहीतरी नमस्काराचा प्रकार असावा. त्यांनी आम्हाला सपाटून हरवलं. जाताना मात्र त्यांच्यातली एक हळूच विचारून गेली, तुम्ही असं का बसता?

दुसऱ्या पावसाळ्यातली फायनल आली त्या दिवशी आमच्या भागातली वीज गेली. मोरे सरांनी आम्हाला दोघींना क्रांती चौकात नेलं. तिथे टीव्हीचं एक मोठं दुकान होतं आणि काचेच्या आत रंगीत टीव्ही लावून ठेवलेला असायचा. काचेबाहेर बरीच माणसं उभी होती. सर वाट काढत पुढे गेले, आम्ही त्यांच्या मागे. रिक्षांचे भोंगे, भज्यांच्या गाड्याचा वास, आणि काचेच्या पलीकडे आवाज नसलेली डावरी. सगळ्यांच्या आधी रेहानाला दिसलं.

"सर," ती म्हणाली, "ये तो हरा है."

सरांनी बाहीने काच पुसली.

"सर, गवत आहे. लॉन आहे लॉन. मुरूम नाय हा."

आम्ही तिघं काचेला नाक लावून बघत राहिलो. हिरवंगार गवत होतं. मागच्या रेषेजवळ पाय घासून घासून तेवढं उडालेलं, माती उघडी पडलेली. तेच आमचे पांढुरके पट्टे. चेंडू गवतावरून घसरत होता म्हणून उठत नव्हता. रोलरचा काही संबंध नव्हता. सरांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. दोन पावसाळे त्यांनीही आमच्याबरोबर रोलर ओढला होता, शर्ट भिजेपर्यंत.

मग रेहाना म्हणाली, "मतलब सर, हमकू रोलर नहीं, बकरी लगती थी."

सर आधी हसलेच नाहीत. मग असे हसायला लागले की आजूबाजूच्या लोकांना वाटलं यांचा कुणी आवडता खेळाडू जिंकला. डोळे पुसत म्हणाले, "लई येड्यात काढलं गं त्या टीव्हीनं आपल्याला." परत येताना त्यांनी आम्हाला भजी खाऊ घातली. त्या संध्याकाळी घुमी हरली आणि डावरी जिंकली. घरी पोचेपर्यंत रेहाना मला चिडवत होती, आणि त्याच वाटेवर, पैठण गेटच्या अलीकडे, पाटांची कल्पना निघाली. रेहाना म्हणाली, जेवायला बसव सगळ्यांना, बघू पहिला पाट कुणाचा.

मला तो पावसाळा दर आषाढात आठवतो. खरं तर त्या पावसाळ्यात आम्ही काहीच मिळवलं नाही. पुढच्या वर्षी शाळा संपली, कोर्ट पुन्हा बंद पडलं. मोरे सर बदलून वैजापूरला गेले आणि तिथेच निवृत्त झाले. ते आता नाहीत. पण आज वर्तमानपत्रात, फोनवर, गल्लीच्या कोपऱ्यावर जेव्हा माणसं भांडतात की जुनी थोर का नवी थोर, तेव्हा मला क्रांती चौकातली ती काच दिसते. आपण बघतो ते चेंडू मारणाऱ्या हाताकडे. ती बाई कसल्या जमिनीवर उभी आहे हे आपल्याला कुठे दिसतं? डबेवालीच्या पायात झगा होता. घुमीच्या हातात लाकडाची जड रॅकेट होती, तिच्या मध्यावर चेंडू लागला नाही तर मनगट सुजायचं. डावरीच्या काळात बाईने दंड कमावले तर लोक नाकं मुरडायचे, आणि तिने ते कमावले. तोफेला लोकांनी काय काय ऐकवलं हे आम्हाला फार उशिरा कळलं. नव्या पोरींची रॅकेट हलकी, तारा वेगळ्या, पण त्यांच्यासमोर उभी राहणारी दर दुसरी पोर तेवढीच तगडी. आता सांगा, कुणाला कुणाशी मोजणार? मोजता येत नाही हे मला पटतं. तरी पाट मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, हेही तितकंच खरं.

रेहानाच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. सुरुवात होऊन बरेच दिवस झाले. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात, त्याने झीज मंदावते, गेलेलं परत येत नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं. चहाचा कप दिसतो, पण त्याच्याकडे थेट बघितलं की नाहीसा होतो. माझ्याकडे बघायचं असलं की ती मान खिडकीकडे वळवते. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा मला वाटलं, रुसली. मग कळलं की तशी मान वळवली तरच मी तिला दिसते, कडेने. आता ती भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली की मी ओळखते, ही माझ्याकडे नीट बघतेय.

गेल्या वर्षीची फायनल आम्ही माझ्या घरी बघितली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अंपायर दिसतो. टोप्यावाले लोक दिसतात. मधला खेळ तेवढा गेला." मी म्हटलं, मी सांगते. आणि सांगायला लागले. बॉल उजवीकडे, ती धावली, मारला, बाहेर. रेहाना ऐकत होती, रॅकेटच्या दांड्यावर बोटं फिरवावी तशी सोफ्याच्या हातावर बोटं फिरवत. मग एकदम म्हणाली, "झूठ."

"काय झूठ?"

"तू म्हणतेस हळू मारला. आवाज ऐक ना. हळू मारलेल्याचा आवाज असा येतो का? तू नव्या पोरींना जानबूझके छोटं करून सांगतेस, वसू."

मी ते नाकारलं. पण ती गेल्यावर एकटीने विचार केला तर तिचं म्हणणं पटलं. माझ्या तोंडून येणारा खेळ माझाच असणार. मी घुमीची माणूस. मला धडाधड मारणाऱ्या पोरी मनातून आवडत नाहीत, आणि ते माझ्या आवाजात उतरतं.

आणि या वर्षी एक नवी पोर आलीये. तिने पाट मागितलाच आहे, म्हणजे सगळं जग म्हणतंय की आता हिला बसवा. आम्ही अजून तिचं नाव ठेवलेलं नाही. नाव ठेवायचं काम रेहानाचं, आणि नाव ठेवायला तिला चाल बघावी लागते. त्यावरूनच तिचा तो फोन होता. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन तिला छेडलं, तर तिने सरळच सांगितलं. गटिंगच्या मशीनवर बसली होती, तारा बोटांनी चाचपत ओवत होती. तिचा मुलगा म्हणतो अम्मी, आता बस झालं; ती ऐकत नाही.

"न बघता मी कुणाला उठवू आणि कुणाला बसवू?" ती म्हणाली. "डावरी तर मला अजून साफ दिसते. डोळे मिटले की दिसते. ही नवी मला दिसतच नाय. मग मी डावरीचीच बाजू घेणार. वो इन्साफ नहीं हुआ ना. आंधळेपणानं जिंकवलेली डावरी मला नको."

"डबेवालीला तरी कुठे बघितलं होतं आपण?"

"तिचा झगा तर बघितला होता!" तिने तार ताणली, बोटाने टिचकी मारून ऐकली. "बस, वसू. माझं झालं. तू मांड, मी इमरती खायला येईन."

मी बाहेर आले. गुलमंडीवर नेहमीची गर्दी होती, कुणीतरी माझ्या पायावरून हातगाडी नेली आणि वर मलाच ओरडलं. मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज नाही. माझं लग्न झालं, ते फार चाललं नाही. नोकरी झाली, ती संपली. आई-बाबा गेले. या सगळ्यात दर आषाढात रेहाना समोर बसून माझ्याशी भांडली. कुणीतरी आपल्या बोलण्याला इतकं खोडून काढावं, इतक्या मनापासून, दर वर्षी, याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. नुसती इमरती खायला येणारी रेहाना मला नको होती.

पुन्हा गेले तेव्हा समृद्धी त्याच दुकानात भेटली. वैजापूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, इथे हॉस्टेलला राहून खेळते, बारावीत आहे. रॅकेट गटिंगला टाकायला आली होती. दंड बघूनच मी विचारलं, कुठे खेळतेस? म्हणाली, "त्या वसाहतीतल्या कोर्टवर, काकू. आता सिंथेटिक केलंय ना तिथं." आमचंच कोर्ट. मुरमावर आता निळा थर आलाय. ती त्या नव्या पोरीची भक्त निघाली. तिच्यासारखी सर्व्हिस, तिच्यासारखं ओरडणं, केसांची वेणीसुद्धा तशीच. मी रेहानाला म्हटलं, चल. तुला ती नवी टीव्हीवर दिसत नाही ना, मग कोर्टवर बघ. रेहाना नाही म्हणाली. दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मेरे बूट किधर हैं, बघावं लागेल."

फायनलच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गेलो. वारा होताच. कोर्टाच्या एका कडेला जुना कडुनिंब अजून आहे, आणि त्याच्याखाली आमचा दगडी रोलर, अर्धा मातीत रुतलेला, त्यावर मुलांच्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. रेहानाने त्यावर हात फिरवला. समृद्धीने दुसऱ्या एका मुलीबरोबर खेळायला सुरुवात केली. रेहाना जाळीला टेकून उभी, मान कडुनिंबाकडे, कान कोर्टाकडे. थोड्या वेळाने म्हणाली, "ऐसे नहीं. मेरेकू समोर उभं राहायचंय."

मी म्हटलं, वेड लागलं का? डोळ्याला बॉल लागला तर?

"डोळ्यात आता काय राहिलंय लागायला? तो डॉक्टर मला म्हणाला नाय खेळू नको म्हणून. मी त्याला विचारलंच नाय."

तिने समृद्धीकडून तिची जादाची रॅकेट घेतली, तारांवर नख मारून बघितलं, कारण त्या तारा तिनेच ओढल्या होत्या. सलवारीचे पायचे मोज्यात खोचले आणि रेषेच्या मागे जाऊन उभी राहिली. मान कडुनिंबाकडे वळलेली. समृद्धीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने हळूच एक चेंडू टाकला, लहान मुलाला टाकावा तसा. रेहाना वाकली. खाली, गुडघा जवळजवळ जमिनीला, क्रांती चौकाच्या आधीच्या रेहानासारखी. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. मला हसू फुटलं. साठीला टेकलेली ती बाई अजून त्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीतल्या डावरीसारखी वाकत होती.

दुसरा चेंडूही तसाच आला. तो तिच्या रॅकेटच्या कडेला लागला आणि नेटच्या पलीकडे जाऊन मेल्यासारखा पडला. समृद्धी टाळ्या वाजवायला लागली. "भारी, आंटी!"

रेहाना भडकली. "ए पोरी! खैरात नको मला. तू रोज मारतेस तसा मार. उसके जैसा मार!"

समृद्धीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिने चेंडू जमिनीवर आपटला, वर फेकला आणि मारला. रेहानापासून हातभर अंतरावरून तो गेला. मला तो दिसलाच नाही. डोळे शाबूत असून मला दिसला नाही. मागच्या जाळीवर धाड आवाज झाला आणि जाळी कितीतरी वेळ थरथरत राहिली. रेहाना जागची हलली नव्हती. रॅकेट अजून खालीच होती. तिने मान वळवून जाळीचा आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"आणखी एक," ती म्हणाली.

तो दुसऱ्या बाजूने गेला. पुन्हा जाळी वाजली.

मग रेहाना चालत माझ्याकडे आली, श्वास लागलेला, चेहरा घामाने डवरलेला. रॅकेट माझ्या हातात दिली. म्हणाली, "बस. कळलं. डावरीला उठव वसू. पहिला पाट हिला दे. दरवाजा वाजायच्या आधी जाके खडी होना तर डावरीलाच जमत होतं, पण हिच्यासमोर तिला दरवाजापर्यंत पोचताच आलं नसतं."

चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. डावरीला उठव. आणि ते ऐकल्यावर माझ्या तोंडून काय निघालं?

"उठव म्हणजे? का उठेल ती?" मी म्हटलं. "तिच्या हातात ही रॅकेट होती का? ह्या तारा होत्या का? तिला हा दगडासारखा निळा थर मिळाला का, ती गवतावर खेळत होती, घसरणाऱ्या गवतावर! आणि दंड कमावले म्हणून लोक तिला काय काय बोलले, ते ऐकून घेऊन ती नेटवर गेली. डावरी गेली नसती तर ही पोर आज अशी मारायला शिकली असती का? अजिबात उठणार नाही ती. मी उठू देणार नाही."

माझा आवाज चढला होता. समृद्धी आणि तिची मैत्रीण आमच्याकडे बघत होत्या. रेहानाने ओढणीने तोंड पुसलं आणि सावकाश मान कडुनिंबाकडे वळवली. म्हणजे ती माझ्याकडे नीट बघत होती.

"हौ का?" ती म्हणाली. "सहावा पाट तर मांडायचा नाय. मग घुमीचं काय करायचं ते सांग. आणि उद्या इमरती जरा जास्त आणते. हे लवकर मिटायचं नाय."